सोन्याचा कण आणि आतून उघडणारा दरवाजा

‘नॅनोकण म्हणजे कर्करोगावर अचूक मारा करणारे क्षेपणास्त्र’ हे वाक्य आपल्या सैनिकी शाळेत लगेच टाळ्या मिळवते. माझ्या मते ही उपमा चुकीची आहे आणि तिच्यामुळे नुकसानही होते.

क्षेपणास्त्र भिंत फोडते. सोन्याचा नॅनोकण काही फोडत नाही. तो रक्ताबरोबर वाहत जातो. गाठीतील नव्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा गळक्या असतात, म्हणून काही कण तिथे बाहेर पडून पेशीच्या आवरणाला चिकटतात. मग ते आवरण आत वळते, कणाभोवती पिशवी तयार होते आणि पेशी स्वतःच कण गिळते. झाशीच्या वेढ्यात ओर्छा दरवाजा आतून उघडला गेला असे सांगतात, तसाच हा प्रकार.

टोरांटो विद्यापीठाच्या २००६ मधील प्रयोगात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींनी ५० नॅनोमीटरचे कण सर्वांत जास्त घेतले. १४ आणि ७४ नॅनोमीटरचे त्यापेक्षा कमी घेतले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!

पण गिळणे म्हणजे मरणे नव्हे. कण पिशवीतच अडकून राहतो. पेशी मारायची तर त्याच्यावर औषध चढवावे लागते, किंवा बाहेरून प्रकाश वा क्ष-किरण सोडावे लागतात. शिवाय गाठीपर्यंत पोहोचतात तरी किती? प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण साधारण ०.७ टक्के निघाले. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवतात.

हे सांगायचे कारण असे. आमचे घर झाशी जिल्ह्यातील टहरौलीला आहे. सुट्टीत तिथे ‘सोन्याने कॅन्सर जातो, आता विज्ञानही मानते’ असे म्हणत भस्माच्या पुड्या विकणारा मी पाहिला. शेजारच्या काकूंनी त्या भरवशावर छातीतील गाठ चार महिने डॉक्टरांना दाखवली नाही. प्रयोगशाळेत तयार केलेला, मोजलेला कण आणि पुडीतले भस्म एक नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

टेहळणीहून परतलेला जवान फक्त चांगली बातमी देत नाही. शत्रू किती, वाट कुठे बंद, तेही सांगतो. मित्रांनो, विज्ञानाविषयी घरी बोलताना आपणही तसेच बोलावे. संशोधनाचा अभिमान जरूर बाळगा, पण गाठ दिसली तर आधी रुग्णालय गाठायला सांगा.