ओढाताणीच्या दिवसांतली टिप

हॉटेलातले बिल चुकते झाल्यावर वाढप्याच्या हातात किंवा बडीशेपेच्या बशीत जी वरकड रक्कम ठेवली जाते, ती टिप. धाराशिव जिल्ह्यात ती सगळीकडे सारखी नाही. चहाच्या टपरीवर आणि वडापावच्या गाड्यावर ती नसतेच. महिन्याच्या हिशेबाने चालणाऱ्या खानावळीत फार तर दिवाळीला पोस्त दिली जाते. टिपेचा प्रश्न खरा उभा राहतो तो तीन ठिकाणी. तुळजापुरात भवानीच्या दर्शनानंतर कुटुंबे जेवायला बसतात ती हॉटेले. पुणे–सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग, येणेगूर, उमरगा या टप्प्यातले आणि धुळे–सोलापूर महामार्गावर येरमाळ्यापासून खाली उतरत जाणारे ढाबे. आणि तालुक्याच्या गावांतली मटण-भाकरीची हॉटेले व परमिट रूम.

जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचा पैसा शेतीच्या चक्रावर येतो-जातो. सोयाबीन निघाले की हातात रोकड येते आणि पेरणीच्या तोंडावर ती आटते. 2024-25च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता. बाजारात अनेकांना त्याहून कमी दरात माल द्यावा लागला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2025च्या अतिवृष्टीत परंडा आणि भूम तालुक्यांत उभी पिके आणि कित्येक ठिकाणी जमिनीची मातीही वाहून गेली. नीती आयोगाने 2018 साली ज्या जिल्ह्यांना आकांक्षित म्हणून निवडले, त्यांत हा जिल्हा होता, हेही ध्यानात घ्यावे लागते. अशा वर्षी मुलांची फी, बी-बियाणे आणि दवाखाना यांचा मेळ घालताना बाहेरचे जेवण कमी होते, पण बंद होत नाही. देवदर्शन टळत नाही, बाजाराची खेप टळत नाही, घरी आलेल्या पाहुण्याला उपाशी पाठवता येत नाही. जेवण होते, बिल दिले जाते आणि टिप तेवढी गळते.

टिप बंद करण्याच्या बाजूने पहिला मुद्दा काटकसरीचा मांडला जातो: घरच्या खर्चाला कात्री लावायची, तर जे देणे बंधनकारक नाही ते आधी बंद करावे. वरवर हे रास्त दिसते, पण हिशेब करून पाहिले की टिकत नाही. समजा, चौघांचे कुटुंब जेवले आणि बिल हजार रुपये झाले. तिथे वीस रुपये टिप म्हणजे बिलाच्या दोन टक्के. असे कुटुंब वर्षात सहा वेळा बाहेर जेवले, तर टिपेची वर्षाची रक्कम एकशे वीस रुपये होते. टिप वाचवून घरचा कोणताच खड्डा भरत नाही. तेच कुटुंब दर वेळी एक थंड पेयाची बाटली किंवा अर्ध्यावर टाकून दिलेली एक जादा भाजी टाळू शकले, तर वाचणारी रक्कम कितीतरी मोठी असते. काटकसर जिथे खर्च आहे तिथे करायची असते. टिप पहिल्यांदा कापली जाते, ती रक्कम मोठी असते म्हणून नव्हे. ज्याला ती मिळायची तो तक्रार करू शकत नाही म्हणून. दुकानदाराची उधारी थकली तर दुकानदार बोलतो. वाढपी बशी उचलतो, टेबल पुसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. वाढप्याला पगार देणे हे मालकाचे काम. गिऱ्हाईक टिप देते म्हणून मालक पगार वाढवत नाही. टिप बंद केली की त्याला पगार वाढवावाच लागेल, असे म्हटले जाते. यातला पहिला भाग निर्विवाद खरा आहे. हॉटेल आणि उपाहारगृहांतल्या कामगारांना किमान वेतन देण्याचे बंधन 1948च्या कायद्यापासून आहे आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ते कायम आहे. मिळालेली टिप जमेस धरून मालकाने पगार कमी द्यावा, अशी सोय भारतीय कायद्यात नाही. रामबाग पॅलेस हॉटेलच्या 1976च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टिप ही व्यवस्थापनाने आपल्या खिशातून दिलेली रक्कम नव्हे, हे स्पष्ट केले. आयटीसीच्या 2016च्या निकालात, प्राप्तिकराच्या संदर्भात, तेच सूत्र पुढे गेले: मालकाने गोळा करून कामगारांना वाटलेली टिप म्हणजे पगार नव्हे, ती रक्कम मालकाकडे विश्वस्ताच्या नात्याने असते.

पण दुसरा भाग, म्हणजे टिप थांबली की पगार वाढेल ही अपेक्षा, व्यवहारात फोल ठरते. एखाद्या कारखान्यात कामगारांची संघटना असते, मागणी मांडता येते. महामार्गावरच्या ढाब्यात सात-आठ माणसे राबतात. त्यांतला कुणी परप्रांतातून आलेला, कुणी जवळच्या वस्तीवरचा भूमिहीन घरातला. राहणे-जेवण मालकाकडेच असते आणि अनेकांनी पगारावर आगाऊ उचल घेतलेली असते. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही आणि पगाराचा शब्द काढता येत नाही. अशा माणसाची टिप थांबली तर मालकाला ते कळतही नाही, कारण टिप त्याच्या वहीत नसतेच. तोटा फक्त एकाच्या खिशाला होतो. पगार वाढतो तो कामगार आयुक्त कार्यालयाच्या तपासणीने, कामगार मिळेनासे झाल्यावर, किंवा मालकाला स्वतःला ते पटल्यावर. बशी रिकामी ठेवल्याने तो वाढल्याचा अनुभव नाही.

याच्या अगदी उलट टोकाची एक भूमिका पुण्या-मुंबईच्या वळणाने आता इथेही येऊ लागली आहे: टिप बिलाच्या दहा टक्के असावी, आणि ज्याला ती परवडत नाही त्याने हॉटेलची पायरी चढू नये. हिचे खंडन जोरात करायला हवे. कारण ती गरीब गिऱ्हाइकाला लाजवते आणि मालकाला मोकळे सोडते. टक्केवारीची ही रीत जिथून आली त्या अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान रोख पगार संघराज्याच्या कायद्याने तासाला 2.13 डॉलर आहे आणि तो 1991 पासून बदललेला नाही. इतरांसाठी तोच आकडा 7.25 डॉलर आहे. मधली तूट गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघावी, न निघाल्यास मालकाने भरावी, अशी तिथली रचना आहे. त्या रचनेत टक्केवारी हा पगाराचाच भाग होतो. इथे तशी रचना नाही आणि ती येऊ देणेही हिताचे नाही.

टक्केवारीचा दुसरा दोष ढाब्याच्या मागच्या बाजूला गेल्यावर दिसतो. पुढे गिऱ्हाइकाला रस्सा वाढणारा, कांदा-लिंबू आणून देणारा माणूस दिसतो. मागे पत्र्याच्या आडोशाला चुलीपुढे बसलेली बाई शाळूच्या भाकरी थापत असते. परातीत पीठ मळायचे, थापायचे, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचे, उलटायची आणि निखाऱ्यावर फुगवायची. दुपारच्या गर्दीत तिचा हात थांबत नाही. धाराशिवच्या मटणाचे नाव आता रील्समुळे लांबवर गेले आहे आणि त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यांतून गाड्या येतात. त्या ताटातला निम्मा जीव तिच्या भाकरीत असतो. तिला गिऱ्हाईक पाहत नाही. भांडी घासणाऱ्या बाईलाही पाहत नाही. टिप दहा टक्के केली काय आणि वीस टक्के केली काय, ती तिथपर्यंत पोचेलच याचा भरवसा नाही. म्हणून कामाचा मोबदला टिपेवर टाकता येत नाही. तो ताटाच्या दरात धरलेला आणि पगार म्हणून दिलेलाच हवा.

बिलातच सेवाशुल्क लावणे हा त्यावरचा उपाय, असेही सांगितले जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी आपोआप सेवाशुल्क आकारण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी हॉटेलचालकांच्या संघटनांच्या याचिका फेटाळत ती मनाई उचलून धरली. जिल्ह्यात हा प्रकार क्वचितच आढळतो. आढळल्यास गिऱ्हाइकाने ती रक्कम काढायला सांगावी. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

चांगली सेवा मिळावी म्हणून टिप, हे कारणही तपासून घ्यावे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकेल लिन यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. त्यात सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचा संबंध फार दुबळा निघाला. शिवाय टिप शेवटी दिली जाते आणि महामार्गावरचे गिऱ्हाईक पुन्हा येईलच असे नसते.

मग टिप का द्यावी आणि किती? ती पगाराची भरपाई नव्हे आणि सेवेची लाचही नव्हे. नेमलेल्या कामापलीकडे एका माणसाने दुसऱ्यासाठी जे श्रम घेतले, त्यांची दखल म्हणजे टिप. म्हणून तिचे माप बिलावरून नव्हे, श्रमावरून घ्यावे. मटण मागवले काय आणि पिठलं-भाकरी मागवली काय, वाढप्याच्या खेपा तेवढ्याच होतात. माणशी पाच रुपये हे ओढाताणीच्या घरालाही झेपणारे माप आहे. नवरात्रात आणि अश्विन पौर्णिमेला तुळजापुरात रांगा लागतात तेव्हा, लहान मुलांनी टेबल माखवले असेल तेव्हा, रात्री उशिरा झाकपाक झाल्यावर चूल पुन्हा पेटवायला लावली असेल तेव्हा थोडे अधिक द्यावे. हातात खरोखरच नसेल, तर न देता उठण्यात कमीपणा नाही. बिल भरले की गिऱ्हाईक कुणाचे देणे लागत नाही. मात्र चार भाज्या मागवून दोन टाकणाऱ्याने ओढाताणीचे कारण सांगू नये.

देण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. पूर्वी बिलाचे सुट्टे परत येत आणि त्यांतले पाच-दहा रुपये बशीत राहत. क्यूआर कोडने पैसे दिले की सुट्टे उरतच नाहीत, आणि वरची रक्कम घालून दिली तर ती मालकाच्या खात्यात जाते. त्यामुळे अनेक घरांची टिप काही न ठरवताच बंद झाली. घरातून निघताना दहा-दहाच्या दोन नोटा वेगळ्या ठेवल्या, तर ही अडचण उरत नाही. टिप शक्यतो हातात द्यावी आणि भाकरी आवडली असेल तर भाकरीवालीसाठी वेगळे द्यायला आहे, असे स्पष्ट सांगावे.

मालकाची जबाबदारी यापुढे सुरू होते. गल्ल्याशेजारी टिपेचा डबा ठेवला असेल तर तो रोज रात्री सगळ्यांसमोर उघडावा, चुलीवरच्या आणि मोरीवरच्या बायांचा वाटा त्यात धरावा, फुटलेल्या ग्लासाचे पैसे त्यातून कापू नयेत आणि क्यूआरवर आलेली वरची रक्कम त्याच दिवशी रोख काढून डब्यात टाकावी. पगार परवडत नसेल तर ताटाचा दर दहा रुपयांनी वाढवून तो वाढीव पैसा पगारात घालावा आणि दरपत्रकावर तसे लिहावे. ओढाताणीतले गिऱ्हाईक ते वाचून एक पदार्थ कमी मागवू शकते. दर आधी समजल्यामुळे त्याला आपले बजेट सांभाळता येते.