बोलणी चालू होती, तोफाही चालू होत्या



गेल्या उन्हाळ्यात आमच्या ब्राह्मणपुरीत दोन शेजाऱ्यांचा बांधावरून वाद झाला. बांध हातभर सरकला की कोणी सरकवला, यावर दोघेही हटून बसले. गावातील चार वडीलधारी माणसे मध्ये पडली. रोज संध्याकाळी ओट्यावर बैठक होई, चहा होई. पण दिवसा शेतात काय चालले होते? एकाने दुसऱ्याची पाण्याची नळी कापली. दुसऱ्याने पहिल्याच्या पपईच्या रोपांत गुरे सोडली. संध्याकाळच्या बैठकीत आपले पारडे जड व्हावे, असे प्रत्येकाला वाटे. शेवटी एके दिवशी काठ्या चालल्या आणि डोके फुटले ते एका सालदाराचे. त्या बांधाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. बैठकीला तर त्याला कोणी बोलावलेही नव्हते.

ही हकिकत मी वर्गात सांगितली, तेव्हा नववीतील एका मुलाने विचारले, "सर, बोलणी सुरू झाली त्याच दिवशी मारामारी बंद का केली नाही?"

प्रश्न साधा आहे. पण मोठमोठ्या राष्ट्रांनाही त्याचे उत्तर देता आलेले नाही. त्यासाठी मी तुम्हाला कोरियाच्या युद्धाकडे नेतो. त्याआधी दोन शब्द समजून घ्या. तुम्ही उर्दूत ज्याला सुलह म्हणता, त्याला मराठीत तह म्हणतात. जंगबंदीला शस्त्रसंधी म्हणतात. शस्त्रसंधीत बंदुका थांबतात. भांडण मिटलेले असतेच असे नाही.

कोरिया हा चीनच्या पूर्वेला समुद्रात घुसलेला देश. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. 25 जून 1950 रोजी उत्तरेच्या फौजा दक्षिणेत शिरल्या. दक्षिणेच्या मदतीला संयुक्त राष्ट्रांच्या नावाने अमेरिका आणि इतर देश आले, उत्तरेच्या मदतीला चीन आला. वर्षभरात सैन्ये एकदा खाली, एकदा वर अशी धावली आणि जवळजवळ जिथून निघाली होती तिथेच येऊन थांबली. कोणीही पुरते जिंकणार नाही, हे दोन्ही बाजूंना कळून चुकले. म्हणून 10 जुलै 1951 रोजी केसाँग या गावी बोलणी सुरू झाली.

आता सर्वांना वाटेल की युद्ध संपत आले. प्रत्यक्षात ते आणखी दोन वर्षे चालले!

आधी गोळीबार थांबवू, मग बोलू, असे उत्तरेकडील बाजूचे म्हणणे होते. करारावर सही होईपर्यंत लढाई चालूच राहील, असे संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने ठरवले. त्यांचे कारण अगदीच पोकळ नव्हते. नुसता गोळीबार थांबवला तर समोरचा त्या वेळात सैन्य आणि दारूगोळा जमवील, अशी त्यांना भीती होती. पण परिणाम काय झाला? त्याच वर्षी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दोन डोंगरधारांसाठी हजारो जवान पडले. त्यांना 'रक्ताची धार' आणि 'काळीज तुटल्याची धार' अशा अर्थाची नावे पडली. अमेरिकन सैन्याच्या एकूण हानीपैकी सुमारे 45 टक्के हानी बोलणी सुरू झाल्यानंतरची आहे.

पुढे बैठकीची जागा पानमुनजोम येथे हलवली. त्या जागेभोवती हजार यार्ड त्रिज्येचे एक वर्तुळ आखले होते. त्या वर्तुळात कोणी गोळी झाडायची नाही, असा करार होता. रात्री विमानांना ती जागा ओळखता यावी म्हणून तेथे आकाशात उभा प्रकाशझोत सोडत. वाटाघाटी करणारे त्या वर्तुळात बसत आणि बाहेरच्या तोफांचे आवाज त्यांना ऐकू येत. मला या वर्तुळाचा राग येतो. बोलणाऱ्यांना सुरक्षित ठेवण्याइतका समजूतदारपणा दोघांकडेही होता. मग तो हजार यार्डांपुरताच का?

याहून खटकणारी गोष्ट नोव्हेंबर 1951 मधील आहे. 27 तारखेला दोन्ही बाजूंनी सीमारेषा मान्य केली. तीस दिवसांत बाकीचा करार झाला तर हीच रेषा कायम, असे ठरले. तो महिनाभर आघाडी बरीच शांत राहिली. म्हणजे ठरवले तर शांत राहता येत होते! तीस दिवस उलटले, करार झाला नाही आणि तोफा पुन्हा धडधडू लागल्या. दीड वर्षाने जी रेषा शेवटी ठरली, ती फारशी बदललेली नव्हती.

अडले कशावर? युद्धकैद्यांवर. अनेक कैद्यांना आपल्या देशात परत जायचे नव्हते. त्यांना बळेच पाठवावे की नाही? बळेच पाठवू नये, असेच माझे मत आहे. पण या प्रश्नाचा विचार बंदुका थांबवूनही करता आला असता. वीस-बावीस हजार कैद्यांचे भवितव्य ठरेपर्यंत त्याहून कितीतरी अधिक माणसे मेली. या प्रश्नातून वाट काढण्यासाठी भारताने एक योजना संयुक्त राष्ट्रांत मांडली. डिसेंबर 1952 मध्ये ती मंजूरही झाली, पण चीन आणि उत्तर कोरियाने ती तेव्हा नाकारली.

नागरिकांचे हाल तर विचारूच नका. 13 मे 1953 रोजी अमेरिकन विमानांनी उत्तर कोरियातील टोकसान धरण फोडले. खालच्या खोऱ्यातील भातशेती आणि रेल्वेमार्ग वाहून गेले. प्रकाशाजवळ तापी दुथडी भरून वाहताना तुम्ही पाहिली आहे. ते पाणी कोणी मुद्दाम अंगावर सोडले तर काय होईल, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पुढच्याच महिन्यात, 8 जूनला, कैद्यांच्या प्रश्नावर एकमत झाले. पण दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांना शस्त्रसंधीच नको होती. त्यांनी 18 जूनला सुमारे 27 हजार कैदी परस्पर सोडून दिले. त्यावर जुलैमध्ये चीनने मोठा हल्ला चढवला. करार हातातोंडाशी आलेला असताना पुन्हा हजारो जवान गेले.

शेवटी 27 जुलै 1953 रोजी सकाळी दहा वाजता पानमुनजोमला सह्या झाल्या. दोन्ही सेनापती एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. शस्त्रसंधी लागू व्हायची होती रात्री दहा वाजता. मधले बारा तास तोफा चालूच होत्या. दूरच्या ठाण्यांपर्यंत हुकूम पोहोचायला वेळ लागतो, हे मान्य. पण ज्याला सही झाल्याचे कळले आहे, त्याने तरी गोळा कशाला डागावा? पहिल्या महायुद्धातही असेच झाले होते. 11 नोव्हेंबर 1918 रोजी पहाटे सही झाली, अंमल अकरा वाजता सुरू झाला आणि मधल्या वेळेतही माणसे मरत राहिली.

आता आपल्या महाराष्ट्रातील एका माणसाची आठवण सांगतो. परत जाण्यास नकार देणाऱ्या कैद्यांना सांभाळण्याचे काम भारतीय सैन्याकडे आले. पाच हजारांहून अधिक जवानांच्या त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. त्यांनी 1945 साली ब्रह्मदेशात कांगावच्या घनघोर लढाईत पलटण चालवली होती. युद्ध काय असते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट मधल्या पट्ट्यात उतरवावे लागले.

सप्टेंबर 1953 मध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवले. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह त्या संतप्त घोळक्यात स्वतः गेले, बोलले आणि त्याला सोडवून आणले. पुढे ऑक्टोबरात मात्र आपल्या जवानांना गोळी चालवावी लागली आणि काही कैदी मेले. हेही सांगितले पाहिजे. शांततेची राखणसुद्धा फुकट होत नाही.

फेब्रुवारी 1954 मध्ये आपले दल परत निघाले. त्यांच्याबरोबर ऐंशीहून अधिक कैदी जहाजात चढले. त्यांना उत्तर नको होते, दक्षिण नको होते, चीन किंवा तैवानही नको होते. ते भारतात आले. कोरियात तह मात्र अजूनही झालेला नाही. आहे ती 1953 सालचीच शस्त्रसंधी.

आमच्या गावातील त्या सालदाराच्या डोक्याला सात टाके पडले. बांध होता तिथेच आहे.