आधी मागे सरका

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. ऑगस्ट 2021 मध्ये, स्वातंत्र्यदिन तोंडावर आलेला असताना, तेथे एका चोवीस वर्षांच्या वेल्डरने स्वतः बनवलेले हेलिकॉप्टर रात्री सुरू करून पाहिले. मारुती 800 चे इंजिन, हाताने जोडलेला सांगाडा आणि सुमारे दोन वर्षांची मेहनत. मागच्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि तो पंखा आत बसलेल्या तरुणाच्या डोक्याला लागला. यंत्र तेव्हा जमिनीवरच होते.

आठवीत शाळा सुटलेला, कूलर आणि कपाटे बनवणारा हा मुलगा बातम्यांमधून ‘रँचो’ म्हणून देशभर पोचला. हळहळ झाली, कौतुकही झाले. हळहळ आम्हालाही आहे. पण अशी यंत्रे आजही गावोगावच्या शेडमध्ये उभी राहत आहेत, त्यांच्या चित्रफिती हातोहात फिरत आहेत आणि त्यांच्याभोवती गर्दी गोळा होते आहे. म्हणून पाते का तुटते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

तीन मीटर लांबीचे आणि पाच किलो वजनाचे एक साधे पाते धरू. ते मिनिटाला 500 फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या वर जातो. मुळाशी, म्हणजे जिथे दोन-चार बोल्ट किंवा वेल्डिंगचा सांधा असतो तिथे, बाहेरच्या दिशेने साधारण दोन टनांची ओढ बसते. ही ओढ यंत्र उडाल्यावर सुरू होत नाही. जमिनीवर, चाके रुतवून, दोरीने बांधून ठेवलेल्या यंत्रातही ती तेवढीच असते. आता एका पात्याच्या टोकाशी दुसऱ्यापेक्षा फक्त शंभर ग्रॅम जास्त आहेत असे समजा. रंगाचा एखादा जाड थर किंवा एक जादा पट्टीही त्याला पुरते. त्या शंभर ग्रॅमचा ऐंशी किलोंहून मोठा झटका सेकंदाला आठ वेळा सांगाड्याला बसतो.

वेल्डर फसतो तो इथेच. त्याने लावलेला सांधा कपाटाचा, फाटकाचा, ट्रॉलीचा भार वर्षानुवर्षे पेलतो. हाताला आणि डोळ्याला तो पक्काच वाटतो. पण स्थिर भार पेलणे वेगळे आणि मिनिटाला शेकडो हिसके सोसणे वेगळे. वेल्डच्या कडेला, तापून गुणधर्म बदललेल्या पट्ट्यात, केसाएवढी चीर पडते. ती दिसत नाही, तिचा आवाज होत नाही, दहा वेळा यंत्र चालते आणि अकराव्या वेळी सांधा सुटतो. आधीच्या दहा वेळांनी मिळालेला विश्वासच मग जीवावर बेतू शकतो. विमान उद्योगात ही चीर शोधायला रंगद्रव्य लावून तपासणी होते, क्ष-किरण वापरतात, प्रत्येक पात्याचे आयुष्य तासांत मोजतात आणि तास भरले की चांगले दिसणारे पातेही काढून टाकतात. भंगारातून आणलेल्या पाइपाचे तास कोण मोजणार?

ही अडाण्यांची चूक आहे, असे कुणी समजू नये. 1950 च्या दशकात अमेरिकी लष्कराने ‘एरोसायकल’ नावाचे एका माणसाचे यंत्र करून पाहिले. सैनिक वर उभा राहणार आणि त्याच्या पायाखाली एकमेकांच्या उलट फिरणारे दोन पंखे असणार, अशी रचना होती. वीस मिनिटांच्या शिकवणीवर कोणताही जवान ते उडवील, असा कल्पकांचा दावा होता. प्रत्यक्षात दोन्ही पंख्यांची पाती एकमेकांवर आदळून अपघात झाले आणि लष्कराने नाद सोडला. पैसा होता, अभियंते होते, कसबी चाचणी-वैमानिक होते, तरी हे झाले.

आजची नवी फॅशन विजेवर चालणाऱ्या, आठ-आठ पंख्यांच्या एकआसनी यंत्रांची आहे. मोटारसायकल चालवता येणारा माणूस हेही चालवील, अशी जाहिरात होते. रूढ हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले तरी वाऱ्यावर फिरत राहणाऱ्या मोठ्या पंख्याच्या जोरावर कसबी वैमानिक ते उतरवू शकतो. छोट्या पंख्यांना ती सोय नाही, म्हणून आपत्कालीन पॅराशूट लावतात. पॅराशूट उघडायला मात्र उंची लागते. हौशी माणूस ज्या पंधरा-वीस फुटांवर मजेत तरंगेल, तिथे त्या छत्रीचा भरवसा धरता येत नाही. विक्रेत्याने हे ठळक अक्षरांत छापावे, एवढी आमची किमान अपेक्षा आहे.

सरकारी यंत्रणेबद्दलही बोलले पाहिजे. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव स्वतः प्रशिक्षित वैमानिक. 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या मांडवात त्यांच्या विमानाचे कौतुक झाले. तरी नोंदणी व्हायला 2017 उजाडले आणि उड्डाणाची परवानगी मिळायला 2019. मुंबईत राहणाऱ्या, मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचलेल्या माणसाची ही कथा, तर फुलसावंगीच्या वेल्डरने कुठे जायचे? दुसरीकडे, उत्तर प्रदेशातील आंबेडकरनगर जिल्ह्यात 2024 मध्ये एका मोटारीवर पंखा आणि शेपूट चढवून वरातीसाठी ‘हेलिकॉप्टर’ तयार झाले, ते पोलिसांनी लगोलग जप्त केले. जे कधी उडणारच नव्हते ते रस्त्यावर दिसले म्हणून सापडले. शेडमध्ये खरोखर फिरणारे पाते मात्र अपघात झाल्यावरच पोलिसांना दिसते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

ही अडचण एकट्या फुलसावंगीची नाही. उदाहरणादाखल उत्तर प्रदेशातील झाशीजवळचे बरुआसागर घ्या. मोठ्या तलावाचे, आल्याच्या बाजाराचे गाव. जवळच झाशीत रेल्वेचा वॅगन कारखाना आहे, भेल आहे, बुंदेलखंड अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे आणि उत्तर प्रदेशच्या संरक्षण कॉरिडॉरमध्येही झाशीचे नाव आहे. म्हणजे लोखंडाशी खेळणारे हातही आहेत आणि त्यांना शिकवू शकणारी माणसेही. तरी तिथल्या एखाद्या पोराने उद्या विचारले की मी केलेल्या पात्याची तपासणी कुठे होईल, तर त्याला बोट दाखवायला एक दार नाही. यवतमाळला नाही तसेच बुंदेलखंडातही नाही. बंदीचा फलक लावून हे पोर थांबणार नाही, ते रात्री काम करील. फुलसावंगीची चाचणीही रात्रीच झाली होती.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यातील आयटीआय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाने महिन्यातून एक दिवस अशा हौशी कारागिरांसाठी ठेवावा. सांध्याची चीर-तपासणी, पात्यांचे समतोलन आणि मातीच्या बांधाआड फिरवून पाहण्याची जागा, एवढे तीन प्रकार तिथे व्हावेत. यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मराठीत, हिंदीत चार पानांची पुस्तिका काढावी. पहिल्या अनेक चाचण्यांना आसनावर माणूस नको, वाळूची पोती चालतील. इंजिनाचा वेग लांबून, केबलने वाढवावा. पाती ज्या पातळीत फिरतात त्या पातळीत कुणीही उभे राहू नये, कारण सुटलेले पाते त्याच दिशेने जाते. हे त्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर असावे.

आणि चित्रफीत काढणाऱ्यांना, ती दाखवणाऱ्या वाहिन्यांना, कौतुकाने हार घेऊन जाणाऱ्या पुढाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी गावात असे यंत्र दिसले की कॅमेरा सुरू करण्याआधी विचारा: पाती कुणी तपासली? उत्तर मिळाले नाही, तर इंजिन बंद करायला सांगा, पोरांना घेऊन मागे सरका आणि त्या कारागिराला जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांकडे स्वतः घेऊन जा.