परीक्षेसाठीं शेत गहाण टाकूं नका

गेल्या पंधरवड्यांत निफाड तालुक्यांतील एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे आले होते. मुलगा दहावी चांगल्या गुणांनीं पास झालेला. मास्तर म्हणतात, पोर इंजिनिअर होईल. शहरांतल्या एका क्लासवाल्यानें दोन वर्षांची फी सांगितली, ती ऐकून या गृहस्थांच्या मनांत पहिला विचार आला तो द्राक्षबाग गहाण टाकण्याचा. “पोराचं भलं होत असंल तर टाकतो,” असें ते म्हणाले. आम्हीं विचारलें, “दादा, ही परीक्षा कोणत्या पुस्तकांवर असते, हें तुम्हांला कोणी सांगितलें काय?” क्लासवाल्यानें सांगितलें नव्हतें, आणि शाळेनेंही नाहीं. कांद्याचें बी घेतांना दहा ठिकाणीं विचारणारा हा माणूस पोराचीं दोन वर्षें आणि बागेचा सातबारा न विचारतां देण्यास निघाला होता!

म्हणून आधीं माल काय आहे तें पाहूं. राज्याची सी.ई.टी. ही राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावरच असते. सुमारें शेंकडा २० प्रश्न अकरावीचे आणि ८० बारावीचे. इंजिनिअरिंगसाठीं पदार्थविज्ञान व रसायन यांचे पन्नास-पन्नास प्रश्न, एकेका गुणाचे. गणिताचेही पन्नासच, पण प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे २०० पैकीं १०० गुण एकट्या गणिताचे! आमच्या पोरांची गाडी नेमकी तेथेंच रुतते. चुकलेल्या उत्तरास या परीक्षेंत गुण कापीत नाहींत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडूं नये. डॉक्टरकीची नीट परीक्षा याच्या उलट. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तरास चार मिळतात आणि चुकलें कीं एक जातो. तेथें अंदाजपंचे ठोकणारा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. नीटसाठीं दिल्लीच्या एन.सी.ई.आर.टी.चीं पुस्तकें ओळन्‌ओळ वाचावीं लागतात; तीं स्वस्त आहेत. आणि एक गोष्ट. सी.ई.टी.चा निकाल पर्सेंटाइलमध्यें लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरांत ९० गुण नव्हेत, तर शंभर मुलांत नव्वद आपल्या मागें किंवा बरोबरीला. हें न समजल्यामुळें कित्येक घरांत उगाच पेढे वाटले जातात आणि कित्येक घरांत उगाच रडारड होते.

कॉलेजच्या दारावरची ही चौकी कांहीं आज बसलेली नाहीं. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली, तीही प्रवेश-परीक्षाच होती. १३२ बसले आणि २२ पास झाले. खेड्यांत इंग्रजी शाळा नाहीं आणि परीक्षा मात्र इंग्रजींत, मग नांगरामागचा पोर तेथें पोहोंचणार कसा? १८८२ सालीं महात्मा फुल्यांनीं हंटर कमिशनला स्पष्ट बजावलें कीं, सरकारचा पैसा रयतेच्या घामांतून येतो आणि वरच्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरीं पडतो.

पुढें ज्यांनीं हें दुखणें मनावर घेतलें, त्यांनीं पोर नेमकें कोठें अडतें तें पाहिलें. पोर हुशार आहे, पण शहरांत राहील कोठें आणि जेवील काय? म्हणून शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत बोर्डिंग काढलें. आमच्या नाशकांत १९१४ सालीं रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे व त्यांचे सोबती यांनीं उदोजी मराठा बोर्डिंग उभें केलें. भाकरी, अंथरूण, दिवा आणि लक्ष ठेवणारा एक वडील माणूस, एवढ्या भांडवलावर कुणब्यांचीं पोरें शिकलीं.

आज अडचण निराळी आहे. शाळा तालुक्याला आहे, कॉलेज आहे, एस.टी.चा पास आहे. पण सी.ई.टी.च्या पहिल्या भागांत शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नास ५४ सेकंद, आणि तेंही संगणकावर! ज्या पोरानें संगणकावर कधीं एक पेपर सोडविला नाहीं, त्याचीं पहिलीं दहा मिनिटें घाबरण्यांतच जातात. दहावीपर्यंत मराठींत शिकलेल्या पोरावर अकरावीला एकदम इंग्रजीचा डोंगर कोसळतो, तो वेगळाच. बुद्धि कमी नाहीं. सराव कमी आहे. आणि सराव ही वस्तु आज बाजारांत तोळ्यानें विकली जाते.

सगळेच क्लासवाले लुच्चे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं मनापासून शिकवितात. आमचा राग आहे तो आपल्याच संस्थांवर. रयतेच्या वर्गणींतून जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा-कॉलेजें उभीं राहिलीं. त्यांतल्या कित्येकांच्या संगणकाच्या खोलीला रविवारीं कुलूप असतें. मुलाचें नांव कॉलेजच्या हजेरीवर आणि मूल दिवसभर क्लासांत, हा प्रकार सर्वांना ठाऊक असून सर्व गप्प आहेत. मग पगार कशाचा? प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयानें अकरावीपासून दर रविवारीं एक सराव-पेपर संगणकावर घ्यावा आणि सोमवारीं चुका फळ्यावर सोडवून दाखवाव्यात. यास नवी इमारत लागत नाहीं. लागते ती कुलुपाची किल्ली.

सरकारलाही सोडतां येत नाहीं. तामिळनाडूनें २०२० सालीं कायदा करून सरकारी शाळांतल्या मुलांसाठीं डॉक्टरकीच्या शेंकडा साडेसात जागा राखल्या. शर्यत सारखी नाहीं हें तेथील सरकारनें कबूल केलें. आपल्याकडे महाज्योति ही संस्था इतर मागास व भटक्या-विमुक्त जातींच्या मुलांना दहावीनंतर या परीक्षांची फुकट शिकवणी ऑनलाइन देते, आणि त्यासाठीं टॅबही देते. मराठा-कुणबी मुलांसाठीं सारथी आहे, अनुसूचित जातींच्या मुलांसाठीं बार्टी आहे. त्यांच्या जाहिराती दहावीच्या निकालाच्या सुमारास पाहाव्यात. जातीची पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयर यांचे कागद अकरावींतच करून ठेवावेत. ऐन प्रवेशाच्या वेळीं दाखल्यासाठीं कचेरींत रांगा लावून पोरांच्या जागा गेलेल्या आहेत.

आतां घरच्यांना दोन शब्द, रागावूं नका. सी.ई.टी. येते एप्रिल-मे महिन्यांत आणि त्याच वेळीं उन्हाळ कांदा काढणीला येतो. मजूर मिळत नाहीं, हें आम्हांला कळतें. येवल्याच्या माग चालविणाऱ्या घरांतही लग्नसराईमुळें तेव्हांच घाई असते. तरी ते दोन महिने पोराला मोकळें सोडा. पोरीला तर आधीं सोडा, कारण तिच्या वांट्याला शेतही येतें आणि चूलही. २०२४ पासून आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बळ घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी-फी राज्य सरकार पूर्ण भरतें. फीचें निमित्त सांगून तिला घरीं बसविण्याची सोय आतां कोणास राहिलेली नाहीं.

निफाडच्या त्या गृहस्थांनीं बाग अजून गहाण टाकलेली नाहीं. त्यांच्या गांवांतल्या सुताराचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो सुट्टीच्या दिवशीं गांवीं येतो. त्याला गांठून त्यांनीं देवळाच्या ओसरीवर सात पोरें जमविलीं आहेत, त्यांत तीन मुली आहेत. गणित तो शिकवितो, आणि जेवण पाळीपाळीनें एकेका घरीं. संगणक मात्र नाहीं. तो कोणाच्या कुलुपांत आहे तें गांवाला ठाऊक आहे, आणि येत्या पालकसभेंत किल्ली मागावयाची असें ठरलें आहे.