'हरित' हा शब्द मोजायचा कसा?

कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर पवनचक्की आणि हिरवे शेत असले की आतला व्यवसायही तितकाच निर्मळ असेल, असा समज सहज होतो. पैसे गुंतवणारा मनुष्य त्या चित्रावर विसंबतो. चित्राच्या जागी मोजमाप आणण्यासाठी युरोपीय संघाने १८ जून २०२० रोजी एक नियमावली संमत केली. 'टॅक्सॉनॉमी' या नावाने ती ओळखली जाते.

ही नियमावली 'चांगली कंपनी' आणि 'वाईट कंपनी' असा निवाडा करीत नाही. ती प्रत्येक कामाची वेगळी पारख करते. एकाच कंपनीचा एक कारखाना कसोटीस उतरेल, दुसरा उतरणार नाही. नियमावलीत सहा उद्दिष्टे आहेत: हवामानबदल रोखणे, त्याच्याशी जुळवून घेणे, पाणी व सागरी संपत्तीचे रक्षण, वस्तूंचा पुनर्वापर वाढवणारी चक्रीय अर्थव्यवस्था, प्रदूषणाला आळा आणि जैवविविधतेचे जतन. यांपैकी किमान एका उद्दिष्टाला कामाचा भरीव हातभार लागला पाहिजे आणि उरलेल्या पाचांपैकी एकालाही लक्षणीय हानी पोहोचता कामा नये. कामगारांचे हक्क व मानवी हक्क यांची किमान हमीही हवी.

यातली हानी न करण्याची अट खरी कठीण आहे. जलविद्युत कोळशाची जागा घेते, हे तिचे पुण्य मान्य. परंतु धरणामुळे माशांची वरखाली जाण्याची वाट बंद झाली किंवा खालच्या नदीपात्रात जगण्यापुरताही प्रवाह उरला नाही, तर केवळ वीज स्वच्छ आहे म्हणून प्रकल्प हरित ठरत नाही. एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यातील नावे रक्कम पुसून टाकू शकत नाही.

वाचकाची सर्वाधिक फसगत होते ती दोन शब्दांपाशी. एक 'पात्र', दुसरा 'सुसंगत'. पात्र म्हणजे ते काम यादीत आहे, एवढेच. सुसंगत म्हणजे ते साऱ्या कसोट्यांवर उतरले. सिमेंटचे उदाहरण बोलके आहे. चुनखडी भाजताना इंधनाबरोबर खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून या उद्योगातील सुधारणेला मोठे मोल आहे आणि म्हणूनच तो यादीत आहे. पण हवामानाच्या कसोटीवर उतरण्यासाठी एक टन सिमेंटमागे उत्सर्जन ०.४६९ टनांपेक्षा कमी असावे लागते. तेव्हा एखाद्या सिमेंट कंपनीची जवळजवळ सारी उलाढाल 'पात्र' असूनही 'सुसंगत' भाग शून्य असू शकतो. जाहिरातीत मात्र पहिलाच आकडा ठळक छापला जातो! उलट, यादीत नसणे हा कलंकही नव्हे. हवामानविषयक पहिल्या यादीत वनीकरण आले, शेती आली नाही. म्हणून शेतकरी दोषी ठरत नाही.

मोठ्या कंपन्यांना हे प्रमाण उलाढाल, भांडवली खर्च आणि चालू खर्च या तीन अंगांनी जाहीर करावे लागते. त्यांतील भांडवली खर्च विशेष पाहण्याजोगा आहे. उलाढाल कालचा व्यवसाय दाखवते. नवी यंत्रे कशासाठी घेतली जात आहेत, यावरून उद्याची दिशा कळते.

नियमावली वादातीत मात्र नाही. २०२२ मध्ये काही अटींवर नैसर्गिक वायू आणि अणुऊर्जा यांनाही यादीत स्थान देण्यात आले. त्यावरचा आक्षेप युरोपीय संसदेत ३२८ विरुद्ध २७८ मतांनी फेटाळला गेला. ऑस्ट्रिया न्यायालयात गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचाही दावा अमान्य झाला. वायू जाळून निघणारा कार्बन निकालाने कमी होत नाही, हे विरोधकांचे म्हणणे अजून उभेच आहे. कोळशाकडून पुढे जाताना मधली पायरी लागते, असे समर्थक सांगतात. परंतु पायरीलाच मुक्काम मानले जाण्याची भीती निराधार म्हणता येणार नाही.

भारताच्या अर्थ मंत्रालयानेही मे २०२५ मध्ये अशाच वर्गीकरणाच्या आराखड्याचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. कार्बन घटवणे ज्यांना अवघड जाते अशा पोलाद आणि सिमेंट या उद्योगांचा विचार त्यातही आहे. सिमेंटच्या एका टनामागे किती उत्सर्जन चालेल, हा प्रश्न आता इथल्या भागधारकाच्याही दारात आला आहे.