आधी प्रश्न, मग प्रबंध

पीएच.डी.च्या प्रवेशाचा विचार करणाऱ्या आमच्या रत्नागिरीतील पदवीधरास वडीलधाऱ्यांकडून जो उपदेश सरसकट मिळतो, त्याचा मथितार्थ तीन कलमांत सांगता येईल : विषय कोणताही चालतो, आधी मार्गदर्शक गाठावा; पदवी नोकरीसाठी असते, तेव्हा ती लवकरात लवकर पदरात पाडून घ्यावी; आणि खरे संशोधन करावयाचे तर मुंबई-पुण्याची वाट धरावी, येथे ते होणे नाही. हा उपदेश सदिच्छेने दिला जातो याविषयी शंका नाही. परंतु तो शिरोधार्य मानून उमेदीची वर्षे खर्ची घालणाऱ्यांची स्थिती पाहता त्याचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

नोकरीचे कलम प्रथम घेऊ, कारण उपजीविकेची चिंता खरी आहे आणि तिला तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणासही नाही. तथापि, सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट वा स्लेट ही किमान अर्हता असून पीएच.डी. ऐच्छिक राहील, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२३ पासून ठरविले आहे. पुढे सहयोगी प्राध्यापकपदास ती लागते, हे खरे. पण आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांची मुदत असलेला हा उद्योग निव्वळ दाखल्यासाठी अंगावर घेणे हा व्यवहारदृष्ट्याही आतबट्ट्याचाच सौदा होय.

विषय कोणताही चालतो, हे मत तर मुळातच सदोष आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन येथे रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो जसाच्या तसा मान्य केला नाही. तो सुधारून पुन्हा धाडावा लागला आणि १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळाली. पुढे ग्रंथरूपाने निघालेल्या त्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनी लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपणांस मान्य नसल्याचे स्पष्ट नमूद करूनही त्यांतील विचारांच्या टवटवीतपणाची वाखाणणी केली. प्रश्न स्वतःचा होता, म्हणूनच परत आलेले हस्तलिखित पुन्हा हाती घेण्याचे बळ आणि गुरूशीही मतभेद ठेवण्याचे धैर्य त्यांच्या ठायी राहिले. उसन्या विषयावर लिहिणाऱ्याजवळ अशा प्रसंगी टिकून राहण्यास आधार तरी कशाचा असणार?

राहिले स्थानाचे कलम. मोठी ग्रंथालये व सुसज्ज प्रयोगशाळा शहरांत आहेत आणि तेथे प्रसंगोपात्त जावेच लागते; परंतु संशोधनाचा विषय शहरातच वसतो, असा याचा अर्थ नव्हे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखे स्थानिक शोधक गावकऱ्यांना विचारीत जांभ्या दगडाच्या सड्यांवर हिंडले, तेव्हा शेकडो कातळशिल्पे अभ्यासकांच्या दृष्टीस पडली. कशेळीच्या सड्यावरील प्रचंड हत्ती, ज्याच्या देहरेषेच्या आतच इतर प्राण्यांच्या आकृती कोरल्या आहेत, तो पाहणाऱ्यास येथे संशोधन होत नाही असे म्हणवणार नाही. २०२२ साली या शिल्पांपैकी काही स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली. हापूसचेही तसेच. वरून निर्दोष दिसणारे फळ कापावे आणि आत पांढुरका, बिघडलेला गर म्हणजे साका निघावा, हा बागायतदाराचा जुना अनुभव. त्याच प्रश्नाच्या पाठपुराव्यातून वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकराने साका न धरणारी 'रत्ना' ही जात सिद्ध झाली.

तेव्हा करावे काय? प्रथम प्रश्न निश्चित करावा, आणि त्यास स्थळ, काळ व माणसे यांची मर्यादा घालावी. 'कोकणातील मत्स्यव्यवसाय : एक अभ्यास' या मथळ्यातून काहीच निष्पन्न होत नाही; परंतु पर्ससीन जाळ्यांच्या नौका वाढल्यानंतर किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्या एखाद्या गावातील कुटुंबांच्या मिळकतीत काय फरक पडला, असे विचारताच कोणास भेटावे व कोणते दप्तर पाहावे, हे आपोआप उलगडते. त्यानंतर शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर त्या विषयाचे पूर्वीचे प्रबंध वाचावेत आणि मगच मार्गदर्शकाकडे जावे. त्याच्या हाताखालील विद्यार्थ्यांना, गुरुजी कच्चा मसुदा स्वतः वाचतात काय आणि किती दिवसांत परत करतात, हे निःसंकोच विचारावे. प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार एवढेच विद्यार्थी सामान्यतः घेता येतात; म्हणून जागा रिकामी आहे काय याची चौकशी अर्जापूर्वीच करावी. अधिछात्रवृत्तीचा अर्ज मुदतीत करावा; नोकरीत असल्यास ना हरकत दाखला आधीच मिळवावा.

इतके करूनही ज्यास स्वतःचा प्रश्न एका वाक्यात सांगता येत नसेल, त्याने अर्ज एक वर्ष लांबणीवर टाकावा आणि ते वर्ष वाचनात व भ्रमंतीत घालवावे. त्यात कमीपणा यत्किंचितही नाही. विद्यापीठ पदवी देऊ शकते. प्रश्न मात्र ज्याचा त्यानेच आणावा लागतो.