शस्त्रक्रियेनंतरचे कष्ट कोणाचे?

मूत्रपिंड-रोपणाच्या शस्त्रक्रियेची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा शल्यचिकित्सकाचे नाव छापले जाते, रुग्णालयाचे छापले जाते, दात्याच्या त्यागाचे कौतुक होते. रुग्ण घरी परतल्यानंतर त्याला महिनोन्‌महिने जगवण्याचे काम कोण करते, ह्याची बातमी होत नाही. बहुतेक घरांत ते काम त्याची पत्नी करते. काही घरांत पती करतो. ह्या कामाला मजुरी नाही, साप्ताहिक सुटी नाही, कामाच्या तासांचे बंधन नाही. अवयवरोपणासंबंधीच्या सरकारी धोरणातील सर्वांत मोठी पोकळी हीच आहे.

खरी लढाई शस्त्रक्रियेनंतरची असते, हे ह्या शास्त्राचा इतिहासच सांगतो. १९३३ साली सोव्हिएत युक्रेनमधील खेरसोन शहरात युरी वोरोनॉय ह्या शल्यचिकित्सकाने मृत व्यक्तीचे मूत्रपिंड काढून एका रुग्णाला बसवले; माणसाचे मूत्रपिंड माणसाला बसवण्याचा तो पहिला प्रयत्न. दोन दिवसांनी रुग्ण दगावला. १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे ह्यांना यश आले, ते दाता आणि रुग्ण एकरूप जुळे भाऊ होते म्हणून. शरीराला ते मूत्रपिंड परके वाटलेच नाही. भारतात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे कार्य साध्य झाले. परंतु सामान्य रुग्णाला दीर्घायुष्याची खरी आशा मिळाली ती ऐंशीच्या दशकात, सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यानंतर. नॉर्वेच्या मातीतील बुरशीपासून ते मिळाले. आज अधिक वापरले जाणारे टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबा परिसराच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्म जिवाणूपासून. (मातीने दिलेल्या औषधावर जगणाऱ्या रुग्णाला सुरुवातीचे काही महिने कुंडीतल्या मातीतही हात घालू देत नाहीत, हा विज्ञानातला एक विनोदच म्हणायचा.)

ही औषधे शरीराची प्रतिकारशक्ती दडपून ठेवतात. मात्रा कमी पडली तर शरीर परके मूत्रपिंड नाकारते. अधिक झाली तर साधा खोकलाही जिवावर बेततो आणि मूत्रपिंडालाही इजा पोहोचते. म्हणून बारा-बारा तासांच्या अंतराने गोळी, ठरलेल्या वेळेलाच. रक्तातील औषधाचे प्रमाण तपासायचे ते सकाळची गोळी घेण्यापूर्वी. म्हणजे त्या दिवशी रक्त देईपर्यंत गोळी हातात धरून बसायचे. स्वित्झर्लंड आणि जपानच्या प्रयोगशाळांनी मिळवलेले सारे यश अखेरीस एका गृहिणीच्या घड्याळावर येऊन टेकते.

हे घड्याळ कामगाराच्या घरात कसे चालते, हे पाहण्यासाठी भिलाईचा दाखला घेणे उचित ठरेल. सोव्हिएत सहकार्याच्या १९५५ च्या करारातून हा पोलाद कारखाना उभा राहिला. १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत झाली, शाळा झाल्या, सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालय झाले. विदर्भातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबेही तेथे स्थिरावली. आता सेक्टर ६ मधील दोन खोल्यांच्या एखाद्या क्वार्टरमध्ये रोपण झालेला कामगार परत आला आहे असे समजावे.

त्यातली एक खोली रुग्णाची होते. मुले, त्यांची दप्तरे आणि म्हातारी आई दुसऱ्या खोलीत. पिण्याचे पाणी उकळून गार करायचे, भाजी दोनदा धुवायची, कच्ची कोशिंबीर बंद, उघड्यावरचे खाणे बंद. पपनस तर घरातच आणायचे नाही, कारण त्याच्या रसाने रक्तातील टॅक्रोलिमस वाढते. रोज सकाळी वजन, रक्तदाब, ताप आणि लघवीचे प्रमाण वहीत लिहायचे. उन्हाळ्यात कूलरशिवाय भिलाईत राहवत नाही; परंतु पावसाळा लागला की त्याच कूलरच्या पाण्यात डास होतात. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची साथ आली आणि माणसे दगावली, ही आठवण तेथे अजून ताजी आहे. ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दडपली आहे त्याच्या घरी कूलरची टाकी कोरडी करणे हे औषध देण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते, आणि तेही पत्नीच्याच वाट्याला येते.

सर्वांत अवघड काम मात्र दारात उभे राहण्याचे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हा शिष्टाचार. खात्यातले सहकारी येतात, गावाकडचे नातेवाईक येतात, शेजारीण पोराला कडेवर घेऊन येते आणि पोराला सर्दी असते. ह्या सर्वांना उंबऱ्यावरूनच परत पाठवणारी बाई गर्विष्ठ ठरते. डॉक्टरांनी सांगितले आहे म्हणून ती सांगते. परंतु डॉक्टरला कोणी नावे ठेवत नाही, तिला ठेवतात.

त्यातच प्रेडनिसोलोन. ह्या औषधाने चेहरा सुजतो, रक्तातील साखर वाढते, झोप उडते, स्वभाव चिडका होतो. आयुष्यभर शब्दाने न दुखावणारा माणूस ताटातले मीठ कमी पडले म्हणून ओरडतो, आणि रात्री दोन वाजता रडतो. हा दोष औषधाचा आहे हे रुग्णालयातून निघताना पत्नीला कोणी समजावून सांगितलेले असेलच असे नाही. क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर सरकला की दोघेही गप्प होतात. पुष्कळदा मूत्रपिंड तिचेच असते. तेव्हा तिच्या पोटावरही टाके असतात, तिलाही सहा आठवडे जड वजन उचलायचे नसते. तरी पाण्याची बादली तीच उचलते. आणि ज्याला तिने अवयव दिला तो ह्या ऋणाच्या ओझ्याने कधी अवघडून जातो, कधी उगाचच तिच्यावर रागावतो. ह्या दोघांशी बसून बोलणारा प्रशिक्षित समुपदेशक किती रुग्णालयांत असतो?

१९९५ ते २०२१ ह्या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयवरोपणांपैकी केवळ ६,९४५ स्त्रियांना लाभली, असे राष्ट्रीय अवयव व ऊतक रोपण संघटनेची आकडेवारी सांगते. उलट जिवंत दात्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत. ह्याचे कारण शरीरशास्त्रात शोधून सापडणार नाही. कमावत्या पुरुषाचा जीव कुटुंबाच्या हिशेबात महाग धरला जातो आणि बाईचा स्वस्त, हा तो हिशेब आहे. पत्नी रुग्ण असते तेव्हा त्याच क्वार्टरमध्ये वही कोण लिहितो, पाणी कोण उकळतो? पती दुपारी दोन ते रात्री दहाच्या पाळीत असेल तर रात्री नऊची गोळी बहुधा शाळकरी मुलगीच देते. पाळी संपल्यावर युनियनच्या कचेरीत तासभर रेंगाळणाऱ्या आणि स्त्रीमुक्तीवर व्याख्यान देणाऱ्या कार्यकर्त्यालाही हा प्रश्न विचारावाच लागेल.

कायद्याने सहचराला ओळखले आहे, पण केवळ दाता म्हणून. १९९४ च्या मानवी अवयवरोपण कायद्याने पती-पत्नीला निकटच्या नातेवाइकांत स्थान दिले. २०११ च्या दुरुस्तीने दोन कुटुंबांतील दात्यांच्या अदलाबदलीलाही वाट करून दिली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने अवयवदान करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांची विशेष रजा दिली. ती स्वागतार्हच आहे. परंतु तो आदेश दात्यापुरता आहे. मेंदूमृत व्यक्तीचे मूत्रपिंड मिळाले आणि पत्नी केवळ शुश्रूषा करणार असेल, तर त्या आदेशाने तिला एक दिवसही मिळत नाही.

भिलाईच्या वसाहतीत हा भेद आणखी खोल जातो. कायम कामगाराला कारखान्याच्या वैद्यकीय व्यवस्थेचा आधार असतो, निवृत्ताला मेडिक्लेम विम्याचा. परंतु कायम कामगार घटत गेले आणि ठेकेदारी कामगार वाढत गेले. ठेकेदारी कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल आणि दोन वर्षांची सलग विमेदार नोकरी दाखवू शकला, तर जीर्ण मूत्रपिंड-विकारात त्याला वाढीव आजारभत्ता मिळू शकतो, वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत. पण ठेकेदार बदलताना त्याची नोंद तुटली तर? आणि त्याची पत्नी चार घरची धुणीभांडी करत असेल, तर तिच्या बुडालेल्या मजुरीचा विचार कोणत्या योजनेत आहे? राष्ट्रीय अवयवरोपण कार्यक्रमात प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांसाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, ती दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी. ठेकेदारी कामगार ह्या रेषेच्या जेमतेम वर असतो. तेवढ्यावरच तो वगळला जातो. ही औषधे मात्र मूत्रपिंड चालू आहे तोवर घ्यायची असतात. पैशाअभावी दोन दिवस चुकलेली गोळी लाखो रुपयांची शस्त्रक्रिया वाया घालवू शकते, हे अर्थखात्याच्या हिशेबनिसांनाही कळायला हवे.

म्हणून प्रत्येक रोपणरुग्णाला उत्पन्नाची अट न घालता ही औषधे सरकारी केंद्रातून आयुष्यभर मोफत मिळाली पाहिजेत. शुश्रूषा करणाऱ्या सहचराला निदान पहिल्या तीन महिन्यांची सवेतन रजा, आणि असंघटित कामगार असल्यास तेवढ्या काळाचा निर्वाहभत्ता, हा हक्क म्हणून मिळाला पाहिजे. पाठपुराव्याच्या तपासण्या रुग्णाच्या गावाजवळ झाल्या पाहिजेत. रायपूरच्या एम्समध्ये आता मूत्रपिंड-रोपण होते. वेल्लोर किंवा नागपूरला खोली भाड्याने घेऊन राहण्याची सक्ती त्यामुळे काहींची टळेल. परंतु औषधाच्या पातळीची तपासणी सेक्टर ९ मध्येच, ठेकेदारी कामगारांसह सर्वांसाठी, का होऊ नये?

पोलाद उद्योगाच्या राष्ट्रीय संयुक्त समितीपुढे वेतनाबरोबर शुश्रूषा-रजेची मागणी युनियनांनी ठेवली पाहिजे, आणि ती ठेकेदारी कामगारांना सोडून नव्हे. ती मंजूर होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. ज्या खात्यातील कामगाराच्या घरी असा रुग्ण आहे, त्याची रात्री नऊच्या गोळीच्या आड येणारी पाळी सहकाऱ्यांनी आपसात वाटून घेता येते. तपासणीच्या सकाळी रुग्णाला नेण्यासाठी एकाने मोटारसायकल काढता येते. पावसाळ्यात आळीपाळीने कूलर धुता येतात. आणि भेटायला जाणे काही महिने टाळून, दारावर लावलेल्या फळीवर भाजीची धुतलेली पिशवी ठेवून परतताही येते.